जुनी गाडी देऊन नवी घेताना: शोरूमला द्यावी की स्वतः विकावी?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आमची गाडी आता दहा वर्षांची होत आली. इंजिन ठणठणीत आहे, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालंय आणि सगळ्या पावत्या फायलीला लावलेल्या आहेत. आईबाबांना चढाउतरायला सोपी जाईल अशी, जरा उंच बैठकीची गाडी घ्यायचं घरात ठरलं. कुठली घ्यायची तेही ठरलं. घोडं अडलंय ते जुनीपाशी.

शोरूमवाले म्हणतात, जुनी आमच्याकडे लावा, नवी घेऊन जा, वर एक्स्चेंज बोनस देतो. भाऊ म्हणतो, स्वतः विकलीस तर बरेच जास्त सुटतील. शेजारच्या काकू म्हणतात, अनोळखी माणसाला गाडी विकणं म्हणजे नसती जबाबदारी अंगावर घेणं. तिघांचंही पटतं, म्हणूनच ठरत नाहीये.

पुढचा बंपर घासलेला आहे, मागच्या एका दाराला पोचा आहे, टायर संपत आलेत. हे सगळं करून विकावी की आहे तशीच? आधी जुनी काढावी की आधी नवी घ्यावी? आणि मला सर्वात जास्त काळजी याची आहे की गाडी दिल्यावर आपली जबाबदारी नेमकी कुठल्या क्षणी संपते? कुठल्याही देशातला अनुभव चालेल, पण सविस्तर लिहा.

हिशेबी

पाऊलवाट, एक गोष्ट आधी पक्की करा. हा एक व्यवहार नाही, दोन आहेत. एकात तुम्ही गिऱ्हाईक आहात, दुसऱ्यात विक्रेत्या. शोरूममध्ये दोन्ही एकाच टेबलावर, एकाच माणसासमोर होतात, आणि सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो.

नव्या गाडीची किंमत १०० धरा. पहिलं शोरूम जुनीचे २५ देतं, पण नवीवर सूट देत नाही. तुम्ही भरायचे ७५. दुसरं शोरूम जुनीचे २०च देतं, पण नवी ९३ ला देतं. तुम्ही भरायचे ७३. पहिल्या ठिकाणाहून माणूस खूश होऊन बाहेर पडतो, कारण जुनीला चांगला भाव आला. पैसे मात्र दुसरीकडे कमी गेले असते. लोक घरी येऊन 'आमच्या गाडीचे एवढे आले' असंच सांगतात. वर किती भरले ते क्वचित कुणी सांगतं.

म्हणून जुनीचा विषयही न काढता नवीची शेवटची किंमत कर, विमा, नोंदणी सगळं धरून कागदावर घ्या. मग जुनी दाखवा. जुनीची किंमत आणि एक्स्चेंज बोनस वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. बोनस मोठा दाखवायचा आणि गाडीची किंमत तेवढीच खाली आणायची, हे सर्रास चालतं. दोन्ही आकडे वेगळे दिसले की बाहेरच्या भावाशी ताडून बघता येतं.

हप्त्यावर घेणार असाल तर आणखी जपा. अमेरिकेतले काही डीलर चार चौकोनांचा एक कागद समोर ठेवतात: नवीची किंमत, जुनीची किंमत, सुरुवातीला भरायची रक्कम आणि महिन्याचा हप्ता. गिऱ्हाईक ज्या चौकोनावर अडून बसेल तिथे थोडं सोडायचं आणि दुसऱ्या चौकोनात वसूल करायचं. हप्ता कमी दिसला की माणूस शांत होतो, पण कर्जाची मुदत वाढलेली असते. कागद कुठलाही असो, तुम्ही दोनच गोष्टी बघा: आज किती भरायचे आणि शेवटपर्यंत एकूण किती जाणार.

दूरदेशी

हिशेबींच्या गणितात करही मिळवा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत जुनी गाडी डीलरला दिली तर तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच विक्रीकर लागतो. कॅलिफोर्नियात ती सोय नाही, तिथे पूर्ण किमतीवर कर. जिथे सवलत आहे तिथे स्वतः विकून मिळणाऱ्या जास्तीच्या पैशातला बराच भाग हा वाचलेला करच भरून काढतो. आपण राहतो तिथला नियम विचारून मगच तुलना करावी.

मोगरी

वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

जुनाबाजार

मी बरीच वर्षं जुन्या गाड्यांच्या खरेदीत होतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते लिहितो. डीलर कमी देतो म्हणजे फसवतोच, हे सरसकट खरं नाही. त्याला गाडी दुरुस्त करायची असते, धुऊन-पुसून उभी करायची असते, ती विकेपर्यंत पैसे अडकतात, आणि विकल्यावर काही बिघडलं तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात येतं. शिवाय दहा वर्षांची गाडी नव्या गाड्यांचं शोरूम बहुधा स्वतःकडे ठेवतच नाही. ती घाऊक व्यापाऱ्याकडे किंवा लिलावात जाते. तुम्हाला मिळणारा आकडा लिलावातल्या भावावरून उलटा मोजत आलेला असतो. म्हणून तिची तुलना जाहिरातीतल्या किमतीशी करू नये. जाहिरातीत लिहिलेला आकडा ही मागणी असते, सौदा त्याच्या खाली तुटतो.

गाडी बघायला येणारा माणूस पंधरा-वीस मिनिटांत काय बघतो? दारं आणि बॉनेट यांच्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का. बॉनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालाय का. रंगाची जाडी मोजायचं यंत्र पत्र्यावर टेकवतो. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो. पुट्टी भरून रंगवलेल्या जागी हाच आकडा ५०० च्या पुढे जातो, कधी हजारापलीकडेही. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. चेसिस नंबर कागदाशी आणि गाडीवर जिथे जिथे कोरलाय तिथे ताडून बघतो. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. त्यातलं एखादं अक्षर दिसलं तर तो तिथेच थांबतो.

हे सगळं तुम्हाला आधी माहीत असेल तर 'अहो, हे दार रंगवलेलं दिसतंय' असं म्हणून कुणी तुम्हाला गडबडवू शकत नाही.

किलोमीटरबद्दलही सांगतो. २०१२ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये एक अभ्यास छापून आला होता. २ कोटी २० लाखांहून जास्त घाऊक व्यवहार तपासले, तर दर १०,००० मैलांचा टप्पा ओलांडताच किंमत एकदम खाली उतरलेली दिसली. दोन्हीकडच्या गाड्यांत यांत्रिक फरक जवळपास काहीच नाही, फरक फक्त मीटरवरच्या डावीकडच्या अंकात. किलोमीटरच्या बाबतीतही माणसाची नजर तशीच चालते. तुमची गाडी अशा गोल आकड्याच्या जवळ आली असेल तर तो ओलांडायच्या आत ती दाखवा.

पाऊलवाट

जुनाबाजार, फार उपयोगी. गाडी ९६ हजारांवर आहे. म्हणजे लवकर हालचाल करायला हवी. पण मग दार आणि टायरचं काय करू?

पाना_पक्कड

गॅरेज चालवतो. हा प्रश्न मला नेहमी येतो, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

दाराचा पोचा आहे तसाच राहू द्या. तुम्ही रंगवून आणलात तर वर जुनाबाजार म्हणाले ते यंत्र टेकवल्यावर आकडा वाढलेला दिसणार, आणि घेणाऱ्याच्या मनात येणार की याखाली काय दडलंय. उघडा पोचा त्याला डोळ्यांनी दिसतो, त्याची किंमत तो काढू शकतो. ताजा रंग त्याला संशयात टाकतो. रंग न उडवता मागून दाबून पोचा काढता येत असेल तर गोष्ट वेगळी, ते काम स्वस्तात होतं आणि रंग मूळचाच राहतो.

टायर कायदेशीर खोलीच्या खाली गेले असतील तर चाचणीला गाडी देणंच धोक्याचं आहे, तेव्हा बदला. तेवढे वाईट नसतील तर नवे टाकू नका, टाकलेले पैसे पूर्ण परत येत नाहीत. टायमिंग बेल्ट बदलायला आला असेल तर विकण्यासाठी म्हणून बदलू नका, पण सांगा. बदललेला असेल तर पावती सगळ्यात वर लावा, कारण बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि जाणकार माणूस हे पहिल्यांदा विचारतो.

करायच्या गोष्टी अगदी साध्या. आतून खोल सफाई. पिवळे पडलेले हेडलाइट पॉलिश करून घ्या, गाडीचं वय त्यांच्यावरून कळतं. गेलेले बल्ब, वायपर, दमलेली बॅटरी बदला. डॅशबोर्डवर कुठलाही इशाऱ्याचा दिवा पेटता राहू देऊ नका, कारण त्यामागचा बिघाड लहान असला तरी घेणारा मोठाच धरतो.

आणि ही एक विनंती. दिवा पेटलाय म्हणून स्कॅनर लावून संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड पुसून गाडी दाखवायला नेऊ नका. कोड पुसले की गाडीच्या संगणकातल्या स्वयंचाचण्याही कोऱ्या होतात आणि बरंच चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. समोरच्याने साधा स्कॅनर लावला तरी त्याला त्या अपूर्ण दिसतात. 'आत्ताच पुसलंय' हे कळलं की त्यानंतर तुम्ही कितीही खरं बोललात तरी विश्वास राहत नाही. इंजिनही जोराच्या फवाऱ्याने धुऊन चकचकीत करू नका. वायरिंगच्या जोडण्यांत पाणी जातं, आणि ऑइल कुठून झिरपतंय ते झाकलं असं वाटतं ते वेगळंच. गाडी बघायला कुणी येणार असेल तर आधी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन समोर सुरू करून दाखवा.

मोगरी

पण सगळंच सांगत बसलं तर समोरचा प्रत्येक वाक्याला किंमत पाडत जातो, त्याचं काय? आमच्या गाडीला मागून ठोकर बसली होती, व्यवस्थित काम करून घेतलंय, आता काही त्रास नाही. ते सांगायची खरंच गरज आहे का? विचारलं तर खोटं बोलणार नाही, पण आपणहून?

हिशेबी

मोगरी, आपणहून सांगा असं माझं ठाम मत आहे. माणुसकी म्हणून तर आहेच, पण त्यात व्यवहारही आहे.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. त्यामुळे घेणारा सगळ्यांनाच सरासरी किंमत देऊ करतो. मग चांगल्या गाडीच्या मालकाला ती किंमत परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो. उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी खाली, किंमतही आणखी खाली. अशा अपुऱ्या माहितीच्या बाजारांवरच्या कामासाठी त्यांना २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

आता हे तुमच्या गाडीला लावा. समोरच्याला काहीच माहीत नसेल तर तो वाईटच धरून किंमत सांगणार. दुरुस्तीची बिलं, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, विम्याच्या दाव्याचे कागद हे सगळं त्याच्या हातात दिलंत तर त्याचं न कळणं कमी होतं, आणि ज्या पैशांची तो धास्तीपोटी वजावट करत होता ते तुमच्याकडे येतात. ठोकर त्याला नंतर मेकॅनिककडून कळली तर तो फक्त ठोकरीचे पैसे कापत नाही, तुमच्या प्रत्येक शब्दाचे कापतो.

पाना_पक्कड

+१. फाइल असलेली गाडी आणि नसलेली गाडी यांत मी स्वतः फरक करतो. पाऊलवाट, तुमच्या पावत्या हीच तुमची सर्वात मोठी जमेची बाजू आहे, आणि शोरूममध्ये तिला पुरेशी किंमत येत नाही. तिथे वर्ष, किलोमीटर आणि पत्रा बघतात. पावत्यांची कदर करतो तो गाडी स्वतः वापरणारा माणूस.

निळीशाई

जबाबदारी कधी संपते या प्रश्नावर लिहिते, कारण यात लोक फार निष्काळजी असतात. किल्ली दिली, पैसे आले, म्हणजे गाडी विकली असं आपल्याला वाटतं. सरकारी नोंदवहीत तुमचं नाव आहे तोवर दंडाच्या पावत्या तुमच्याच पत्त्यावर येणार, आणि अपघात झाला तर पहिली विचारणा तुमच्याकडेच होणार.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने त्याच राज्यातल्या व्यवहाराची सूचना १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची असते. नमुना २९ आणि ३० हे त्यासाठीचेच. कर्ज फिटलं असेल तर नमुना ३५ भरून बँकेचं नाव आरसीवरून काढून घ्यावं लागतं. नुसतं बँकेचं पत्र घरात ठेवून भागत नाही. गाडी पुढे दोन-तीन हातांतून गेली पण नोंद बदलली नाही, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं की भरपाईच्या दृष्टीने नोंदवहीत नाव आहे तोच मालक. म्हणजे गाडी केव्हाच दिली होती हे सिद्ध करूनही सुटका झाली नाही.

डीलरला दिली तरी हाच धोका आहे. तो ती आपल्या नावावर न करता पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तुमच्याच नावावर उभी ठेवतो, कधी चालवतोही. १ एप्रिल २०२३ पासून भारतात यासाठी नियम आलेत. नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी असलेल्या डीलरने गाडी ताब्यात घेतल्याची सूचना ऑनलाइन दिली की तिथून पुढे तो मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक धरला जातो. म्हणून डीलरला थेट विचारा, तुमच्याकडे ते अधिकारपत्र आहे का, आणि सूचना दिल्याचा पुरावा मला कधी मिळेल. गोलमोल उत्तर आलं तर गाडी तिथे सोडू नका.

बाहेरच्या देशांतही पद्धत निराळी असली तरी तत्त्व हेच. ब्रिटनमध्ये डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला ऑनलाइन कळवता येतं, आणि उरलेल्या पूर्ण महिन्यांचा वाहनकर परत मिळतो. कॅलिफोर्नियात विकणाऱ्याने ५ दिवसांत सूचना द्यायची असते.

कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय तुमची सही कशावरही नको. एवढं एक कटाक्षाने पाळा.

दूरदेशी

निळीशाई, विम्याचं पण लिहा ना. दावा केला नाही म्हणून हप्त्यात मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, याबद्दल पुष्कळांना माहीत नसतं.

निळीशाई

हो, राहिलंच. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या विम्याला लावा. भारतात ते पत्र ३ वर्षं चालतं. नवीचा विमा शोरूममधून काढत असाल तर त्यांना हे आधीच सांगा, नाहीतर सवलतीविना पूर्ण हप्ता लावून कागद तयार होतो. आणि जुन्या गाडीची पॉलिसी नावांतर व्हायच्या आत घाईने रद्द करू नका.

पाऊलवाट

निळीशाईताई, मनापासून आभार. काकूंची भीती बरोबर होती, आणि तिच्यावर उपायही आहे हे कळलं. आता आधी जुनी की आधी नवी, यावर कुणी बोलेल का? आईला नियमित दवाखान्यात न्यावं लागतं, मधे गाडीविना राहणं आम्हाला जमणार नाही.

जुनाबाजार

मग तुमचं उत्तर जवळपास ठरलेलंच आहे. आधी विकली की हातात पैसे असतात आणि नवीच्या घासाघिशीत तुम्ही मोकळ्या असता, पण नवीची डिलिव्हरी लांबली तर हाल होतात. शोरूमने सांगितलेली तारीख पुढे जाणं नवीन नाही. उलट आधी नवी घेतली तर जुनी दारात उभी राहते, जागा अडते, विमा चालू राहतो, आणि मग 'एकदाची जाऊ दे' म्हणून माणूस पहिल्या भावाला हो म्हणतो.

मधला मार्ग असा. नवी बुक करताना जुनीचा भाव लेखी घ्या आणि विचारा, हा भाव किती दिवस आणि किती किलोमीटरपर्यंत धरणार. बहुतेक ठिकाणी भाव थोडेच दिवस टिकतो, आणि डिलिव्हरीच्या दिवशी गाडी पुन्हा तपासून तो खाली आणतात. म्हणून 'डिलिव्हरीपर्यंत अमुक किलोमीटरच्या आत आणि नवी इजा नसेल तर हाच भाव' असं वाक्य लिहून घ्या. आता तुमच्याकडे तळाचा भाव आहे. डिलिव्हरी येईपर्यंत स्वतः विकायचा प्रयत्न करा, चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर विसार घेऊन ताबा पुढच्या तारखेला द्या. नाही मिळालं तर शोरूम आहेच.

हे करताना जुन्या भावांच्या आठवणी बाजूला ठेवा. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनात आणि जुन्यांचे भाव चढले होते. त्या वेळी मेहुण्याला काय मिळालं हा आज मापदंड होत नाही. दोन-तीन ठिकाणचे आजचे लेखी भाव घ्या.

मोगरी

आणि घेणारा घरी आला तर? चाचणीला किल्ली द्यायची मला भीतीच वाटते.

निळीशाई

वाटायलाच हवी. चाचणीआधी त्याचा वाहन परवाना बघा, फोटो काढून ठेवा, तुमचा विमा दुसऱ्या चालकाला लागू आहे याची खात्री करा. बरोबर बसा. इंजिन चालू ठेवून खाली उतरू नका. परत आल्यावर हातात आलेली किल्ली आपलीच आहे ना हे गाडी उघडून बघा, किल्ली बदलण्याचे प्रकार होतात.

पैशांबाबत: समोरच्याच्या फोनवरचं 'पाठवले' हे चित्र म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात, आपल्या बँकेच्या ॲपवर दिसल्याशिवाय कागद आणि किल्ली हलवू नका. कुणी ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक देऊन वरचे पैसे परत मागत असेल तर तो व्यवहार तिथेच थांबवा. चेक काही दिवसांनी परत येतो, तुम्ही दिलेले पैसे मात्र येत नाहीत.

तारयंत्र

एक मुद्दा राहतोय, हल्लीच्या गाड्यांत तो महत्त्वाचा आहे. गाडीच्या पडद्यात तुमच्या फोनचे सगळे संपर्क असतात, नकाशात 'घर' म्हणून घराचा पत्ता असतो. गाडी देण्याआधी मूळ स्थितीत आणण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीच्या ॲपमधून आपल्या खात्यावरची गाडी काढून टाका. नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते तुम्हाला दिसत राहतं, काही गाड्यांत दार उघडणंही जमतं, आणि नव्या मालकाच्या दृष्टीने हे भयंकर आहे. डॅशकॅमचं कार्ड काढा, टोलचा टॅग बंद करा, नाहीतर पुढच्याचे टोल तुमच्या खात्यातून जात राहतील. दुसरी किल्ली शोधून ठेवा, ती नसेल तर घेणारा तिचे पैसे कापतो आणि ते रास्तच आहे.

रानवारा

इलेक्ट्रिक गाडीला हे सगळं तसंच लागू होतं का? आमची काढायची आहे.

तारयंत्र

बहुतेक लागू होतं, पण किमतीचा गाभा बॅटरी. तिची क्षमता मूळच्या किती टक्के उरली आहे याचा अधिकृत केंद्रातून लेखी अहवाल घ्या. पडद्यावर पूर्ण चार्जला दिसणारं अंतर पुरावा म्हणून चालत नाही, ते चालवण्याच्या सवयीवर आणि हवामानावर बदलतं. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी आणि ७० टक्के क्षमतेची हमी देतात. तुमची हमी किती उरली आहे आणि ती दुसऱ्या मालकाला मिळते का हे कंपनीकडून लेखी घ्या. काही ठिकाणी दुसऱ्या मालकाला ती कमी होते. चार्जर आणि केबल बरोबर देणार की नाही, तेही जाहिरातीतच लिहा.

पाऊलवाट

मंडळी, ठरलं आणि झालंही, म्हणून कळवते.

तुम्ही सांगितलंत तसं नवीची किंमत आधी घेतली. जुनीचा विषय निघाला नव्हता तेव्हा त्यांनी दिलेली सूट, एक्स्चेंजच्या पहिल्या कागदावर नव्हतीच. दोन कागद शेजारी ठेवल्यावर त्यांनी ती परत दिली. जुनीचा भाव डिलिव्हरीपर्यंत लिहून घेतला. मग जाहिरात दिली, दाराच्या पोच्याचा जवळून फोटो टाकला, टायर संपत आलेत हे लिहिलं, पावत्यांची फाइल उघडून ठेवली. बरेच जण नुसते भाव विचारून गेले. शेवटी एका तरुण जोडप्याने त्यांचा मेकॅनिक आणला, त्याने तासभर बघितली आणि त्याला सांगण्यासारखं नवीन काही सापडलं नाही. शोरूमच्या भावापेक्षा साधारण सातवा हिस्सा जास्त मिळाले. हा फरक आमच्यासाठी मोठा आहे, पण खरं सांगायचं तर आईचं दुखणं वाढलं असतं तर मी तो सोडून शोरूमला दिली असती आणि त्याचं वाईटही वाटलं नसतं.

नावांतराचे कागद एकत्र बसून भरले. पावतीवर तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिले. नवीन आरसी त्यांच्या नावाची झाली की तिचा फोटो पाठवायचं त्यांनी कबूल केलंय, तोवर मी दर आठवड्याला सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून बघणार आहे.

निळीशाई

छान केलंत. बघत राहा, आणि नाव बदललेलं दिसल्यावर त्या पानाची प्रत जपून ठेवा.

टिकाव

उशिरा आलो, पण आमची गोष्ट निराळी आहे. गाडी चालतच नाही, इंजिन गेलंय, वर्षभर उभी आहे. शोरूम 'काहीच देता येणार नाही' म्हणतं. अशीच देऊन टाकावी का?

पाना_पक्कड

काहीच नाही असं होत नाही. पत्रा आणि लोखंड वजनावर जातं, शिश्याच्या बॅटरीला भाव असतो, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे मौल्यवान धातू असतात. गिअरबॉक्स, दारं, काचा, सीट शाबूत असतील तर सुटे भाग विकणारे घेतात. पण भंगारात काढताना भाव दुय्यम. गाडी परवानाधारक मोडणी केंद्रातच द्या, मोडल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर तुमचा चेसिस नंबर आणि कागद दुसऱ्याच, चोरीच्या गाडीला लागू शकतात. काही ठिकाणी ते प्रमाणपत्र दाखवलं की नव्या गाडीच्या करात किंवा नोंदणी शुल्कात सवलत मिळते, त्यामुळे नवी बुक करायच्या आधीच चौकशी करा.

टिकाव

धन्यवाद. कन्व्हर्टर अजून गाडीतच आहे का, तेच आधी बघतो.